नांगराची पकड

मराठी भाषेनें दोन अगदीं भिन्न वस्तूंना एकच नांव दिलें आहे. शेतांत माती उकरतो तोहि नांगर, आणि समुद्रांत जहाजाला जागच्या जागीं खिळवून ठेवतो तोहि नांगरच. पहिल्याचें काम चालण्याचें, दुसऱ्याचें थांबविण्याचें. शेतीच्या अवजाराचें नांव संस्कृतांतील लांगल या शब्दापासून आलें. जहाजाच्या साधनास फारसी व हिंदी भाषांत लंगर म्हणतात. मराठी माणसाच्या तोंडीं दोन्हींचा उच्चार एक झाला. हा योगायोग म्हणून सोडून देतां येईल. परंतु जहाजाच्या नांगराचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, या दोन्ही वस्तूंपुढील प्रश्न मुळांत एकच आहे. टोंक जमिनींत शिरलें तर काम होतें. तें वरच्यावर घसरत गेलें तर सारे श्रम व्यर्थ जातात. आणि टोंकाला जमिनींत शिरूं न देणारा शत्रूहि दोघांचा एकच आहे. तो म्हणजे तळाशीं माजलेलें गवत.

समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशापासून या गोष्टीस आरंभ करणें प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. पण त्या प्रदेशांत पाण्याला तोटा नाहीं. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमापासून प्राणहिता नदी सुरू होते. ती सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते, आणि आणखी खालीं बस्तरच्या रानांतून आलेली इंद्रावती त्या प्रवाहांत येऊन पडते. शिवाय या भागांत जुने मालगुजारी तलाव जागोजाग आहेत. त्यांपैकीं अनेक तलाव कोहळी समाजाच्या कौशल्यानें व कष्टानें बांधले गेलेले आहेत. ढिवरांच्या मासेमारीचा आधार हेच तलाव होत. अशा तलावांचें पाणी उथळ, तळ चिखलाचा, आणि त्या चिखलावर पाणवनस्पतींचें दाट रान. तेथें डोंगा थांबवावयाचा झाला तर सर्वांत सोपा उपाय म्हणजे लांब बांबू तळांत रोवून त्याला डोंगा बांधणें. बांबूचें टोंक अरुंद असतें. तें गवताच्या गुंत्याला न जुमानतां सरळ खालच्या चिखलांत उतरतें. त्या ठिकाणीं दोरीला दगड बांधून टाकला तर तो गवताच्या गादीवर नुसता पडून राहील, आणि वारा सुटतांच डोंग्यामागोमाग ओढला जाईल. या साध्या बांबूंत जो नियम दिसतो, त्याच नियमाशीं पुढें मोठमोठ्या आरमारांना आणि नामांकित शास्त्रज्ञांना झगडावें लागलें.

या नद्यांतून आगबोटी चालविण्याचाहि एके काळीं मोठा बेत झाला होता. १८४७ ते १८५२ या वर्षांत आर्थर कॉटन यांच्या योजनेप्रमाणें राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम् येथें गोदावरीवर बंधारा झाला. तें यश पाहून, वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या जलमार्गानें नागपूर-वऱ्हाडचा कापूस पूर्व किनाऱ्याला न्यावा, ही कल्पना बळावली. १८६० सालीं अपर गोदावरी नांवाचा जिल्हा निर्माण करून सिरोंचा हें त्याचें मुख्य ठाणें करण्यांत आलें, आणि हेग नांवाच्या एंजिनियरच्या देखरेखीखालीं कामें चाललीं. परंतु नदीच्या पात्रांत तीन ठिकाणीं खडकांच्या रांगा आडव्या पसरल्या होत्या. एक दुम्मागुडेम्‌जवळ, दुसरी इंचमपल्लीजवळ आणि तिसरी देवलमरीजवळ. पावसाळ्यांत प्रवाहाचा जोर अनावर होई, आणि उन्हाळ्यांत पात्रांत नौकेपुरतेंहि पाणी राहत नसे. १८६७ सालीं नागपूरला रेल्वे पोंचली, आणि १८७१ सालीं ही योजना सोडून देण्यांत आली. नकाशावर पाहणाऱ्याला तो जलमार्ग प्रशस्त वाटला होता. निकाल दिला तो पाण्याखालच्या तळानें. नांगराच्या सर्व इतिहासाचें सारहि हेंच आहे. नांगर चांगला कीं वाईट हें कारखान्यांत ठरत नाहीं, तें तळाशीं ठरतें.

जहाज थांबविण्याचें सर्वांत जुनें साधन म्हणजे दगड. गोव्यांतील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ सालीं स्थापन झाली. तिच्या संशोधकांनीं पश्चिम किनाऱ्यावर पाण्याखालीं जो शोध घेतला, त्यांत द्वारका, सोमनाथ, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग अशा अनेक ठिकाणीं दगडी नांगर आढळले आहेत. त्यांत एक प्रकार विशेष लक्ष वेधून घेतो. उंच खांबासारखा घडविलेला दगड. त्याच्या वरच्या टोंकाशीं दोरखंड ओवण्यासाठीं गोल छिद्र, आणि खालच्या बाजूस एकमेकांशीं काटकोन करणारीं दोन चौकोनी छिद्रें. या चौकोनी छिद्रांतून मजबूत लांकडी खुंटे आरपार घालीत. अरबी आणि हिंदी नाविक मध्ययुगांत हे नांगर वापरीत. या रचनेंत मोठी समज दिसून येते. नुसता दगड केवळ वजनावर जहाज धरतो, आणि पाण्यांत त्याचें वजनहि घटतें. खालचे खुंटे तळांत रुतले कीं वजनाला पकडीची जोड मिळते. म्हणजे ओझें आणि आंकडा या दोन कल्पना येथें एकत्र आल्या.

पुढें लोखंड स्वस्त झालें, आणि आंकड्याला महत्त्व आलें. उभी दांडी, तिच्या खालच्या टोंकास दोन वांकडे बाहू, प्रत्येक बाहूच्या अग्राला लहानसा फाळ, आणि दांडीच्या वरच्या बाजूस बाहूंच्या आडव्या दिशेनें बसविलेला दांडा. नांगर म्हटला कीं डोळ्यांपुढें उभें राहतें तें हेंच चित्र. आडव्या दांड्याचें काम असें कीं, नांगर तळाशीं आडवा पडला तरी ओढ बसतांच तो कलावा आणि एक फाळ खालीं वळावा. ही युक्ति फार जुनी आहे. इटलींतील नेमी सरोवराचें पाणी १९२८ पासून उपसण्यांत आलें, तेव्हां रोमन बादशहा कॅलिग्युला याच्या काळच्या दोन प्रचंड नौका उघड्या पडल्या. त्यांच्याबरोबर जो लोखंडी नांगर सांपडला, त्याचा आडवा दांडा काढतां-घालतां येण्याजोगा होता. हीच सोय ब्रिटिश आरमाराच्या एकोणिसाव्या शतकांतील नांगरांत पुन्हा दिसते. मध्यें अठरा शतकें लोटलीं होतीं. कोंकणच्या बंदरांतून आजहि लहान होड्यांवर चार नखांचे लोखंडी नांगर दिसतात. तेहि याच कुळांतले.

कोंकणचा किनारा हा नांगराच्या अभ्यासाला जणूं एक शाळाच आहे. मुंबई बंदराचा तळ बव्हंशीं मऊ चिखलाचा. मांडवीच्या मुखाशीं वाळूचा दांडा. आणि मालवणला पाण्याखालीं खडकच खडक. शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचें काम सुरू केलें, तें या खडकांचें संरक्षण ध्यानांत घेऊनच. अनोळखी जहाजाला तेथें वाट सांपडणें कठीण. या खडकांवर सरगॅसम जातीच्या समुद्रशेवाळाचें रान माजतें.

येथें शेवाळ आणि समुद्रगवत यांतील भेद ध्यानांत घेणें अवश्य आहे. खडकावर उगवणाऱ्या शेवाळाला खरीं मुळें नसतात. तें एका चिवट बैठकीनें खडकाला चिकटून असतें. त्यांत नांगराचें नख गुंतलें म्हणजे दोरखंड ताणला जातो, नौका थांबते, आणि खलाशाला वाटतें कीं पकड बसली. ही पकड फसवी असते. रात्रीं वारा वाढला, लाट उठली, कीं शेवाळाचा तो झुबका बैठकीसकट उपटून येतो आणि नौका सुटते. समुद्रगवताची गोष्ट निराळी. तें खरें फुलझाड आहे. त्याचे आडवे खोडके आणि मुळें वाळूंत एकमेकांत गुंतून तळाशीं चटईसारखा थर तयार होतो. त्याच्या लांब पात्यांवरून रुंद फाळाचा नांगर घसरत जातो. क्वचित् टोंक शिरलेंच तर मुळांचा एक गड्डा उपटून फाळाला चिकटतो, आणि एकदां तो चिकटला कीं फाळाची धार नाहींशी होते. मग तो नांगर पुढें वाळूचा मोकळा तळ लागला तरी रुतत नाहीं.

शेतकऱ्याला हें सांगण्याची गरज नाहीं. हराळी किंवा कुंदा माजलेल्या वावरांत नांगर घातला कीं फाळ वर उचलला जातो, मुळांचे वेटाळे त्याला गुंडाळतात, आणि घटकेघटकेला बैल थांबवून फाळ मोकळा करावा लागतो. जहाजाला मात्र वादळाच्या रात्रीं थांबून फाळ मोकळा करण्याची सवड नसते.

एकोणिसाव्या शतकांत नांगराच्या सुधारणेला विलक्षण वेग आला. सॅम्युअल ब्राउन नांवाच्या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्यानें त्या शतकाच्या आरंभीं दोरखंडाऐवजीं लोखंडी सांखळीचा पुरस्कार केला. सांखळी जड असल्यामुळें तळाशीं लोळत राहते, आणि नांगरावर पडणारी ओढ आडवी राहते. ओढ वरच्या दिशेनें झाली तर कोणताहि नांगर उपटून येतो. पुढें निरनिराळ्या कल्पक लोकांनीं इतके नमुने पुढें आणले कीं, १८५२ सालीं ब्रिटिश नौखात्याला समिति नेमून त्यांची तुलनात्मक परीक्षा घ्यावी लागली. तींत ट्रॉटमन याच्या नांगराचा क्रम पहिला लागला. त्याचे बाहू दांडीला खिळीवर फिरते बसविलेले होते. त्यामुळें एक फाळ रुतला कीं दुसरा दांडीला टेकून बसे, आणि वर उभ्या राहिलेल्या फाळांत सांखळी अडकण्याची जुनी पीडा टळे.

त्या शतकाच्या उत्तरार्धांत मोठ्या आगबोटींनीं आडवा दांडाच टाकून दिला. बिनदांड्याचा नांगर सांखळीबरोबर सरळ जहाजाच्या कुशींतील नळींत खेंचून घेतां येतो. तो उचलून डेकवर बांधण्याचा धोक्याचा खटाटोप उरत नाहीं. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. वजनाच्या मानानें या नांगराची पकड जुन्यापेक्षां कमी. तरीहि तो सर्वत्र रूढ झाला, कारण मोठ्या जहाजाला वजनाची ददात नसते; तें कित्येक टनांचा नांगर सहज बाळगूं शकतें. सोयीसाठीं पकडीचा कांहीं अंश सोडून देण्यांत आला, आणि ती उणीव वजनानें भरून काढण्यांत आली.

लहान नौकेला हा मार्ग मोकळा नव्हता. तिला हलका आणि तरी घट्ट धरणारा नांगर हवा होता. हा प्रश्न जेफ्री इंग्रॅम टेलर या केंब्रिजच्या पदार्थवैज्ञानिकानें हातीं घेतला. प्रवाही पदार्थांच्या गतीविषयीं त्याचें संशोधन जगन्मान्य आहे. शिवाय तो स्वतः हौशी दर्यावर्दी होता. १९३३ सालीं त्यानें ज्या नांगराचें पेटंट घेतलें, त्याचा फाळ शेताच्या नांगराच्या दोन फाळांची पाठ एकमेकांस लावावी तसा होता. ओढ बसली कीं तो वाळूंत कुशीवर पडून शिरे आणि हळूहळू उभा होऊन खोल जाई. सी. क्यू. आर. या तीन अक्षरांनीं तो प्रसिद्ध झाला. त्यांचा उच्चार इंग्रजींतील ‘सिक्युअर’, म्हणजे सुरक्षित, या शब्दासारखा होतो. ज्या दोन वस्तूंना मराठीनें पूर्वींच एक नांव दिलें होतें, त्या येथें रूपानेंहि एक झाल्या. पुढें १९३९ च्या सुमारास अमेरिकेंतील डॅनफोर्थ यानें दोन रुंद, पातळ, सपाट पात्यांचा नांगर काढला. दुसऱ्या महायुद्धांत किनाऱ्यावर सैन्य उतरविणाऱ्या नौका तो मागें टाकून ठेवीत, आणि परततांना त्याच्याच आधारानें स्वतःला वाळूंतून खेंचून घेत. १९७० नंतर ब्रुस यानें उत्तर समुद्रांतील तेलविहिरींच्या तराफ्यांसाठीं पंजासारखा नांगर केला. एकविसाव्या शतकांत न्यूझीलंडचा रॉक्ना आला. त्याच्या अंतर्वक्र पात्यावर एक अर्धवर्तुळाकार गज असतो, आणि त्या गजामुळें तो कसाहि पडला तरी सुलट होतो.

मोकळ्या वाळूंत व घट्ट चिखलांत या नव्या नांगरांनीं जुन्या आंकड्याला सहज मागें टाकलें. थोड्या वजनांत कित्येक पट पकड त्यांनीं मिळवून दिली. मऊ चिखलांतून जुन्या नांगराचा अरुंद फाळ लोण्यांतून सुरी फिरावी तसा निघून येतो. रुंद पातें मात्र चिखलाचा मोठा लोंढा अडवून धरतें. परंतु तळावर गवत आलें कीं हा क्रम पालटतो. रुंद पात्याचा डॅनफोर्थ पानांवरून घसरत जातो. टेलरचा फाळ कधीं गुंता फोडतो, तर कधीं गड्डा घेऊन नुसता ओढला जातो. रॉक्नासारख्या नांगराचें अणकुचीदार टोंक या दोहोंपेक्षां बरें काम देतें, तरी त्याच्या खोलगट पात्यांत मुळांचा गड्डा अडकून राहतोच. अशा तळावर अनुभवी खलाशी ज्याच्याकडे वळतात, तो अडगळींत टाकलेला जुना आंकडाच. इंग्रज दर्यावर्दी त्याला कोळ्यांचा नांगर म्हणतात.

याचें कारण अवघड नाहीं. गवताचा थर भेदावयाचा तर सारें वजन थोड्या जागेवर पडलें पाहिजे. जुन्या नांगराचा फाळ अरुंद, आणि त्यामागें वजन भरपूर. म्हणून तो पानें दुभंगून खालच्या वाळूपर्यंत किंवा खडकाच्या भेगेपर्यंत पोंचतो. नव्या नांगरांची सारी थोरवी हलकेपणांत आणि पात्याच्या रुंदींत आहे, आणि शेवाळाच्या तळावर हेच दोन गुण दोष होऊन बसतात. धरून ठेवण्याची शक्ति आणि आंत शिरण्याची शक्ति या दोन निराळ्या शक्ति आहेत. पहिली पात्याच्या विस्तारावर अवलंबून असते, दुसरी टोंकाच्या तीक्ष्णपणावर आणि वजनावर. शिरल्यावांचून धरतां येत नाहीं, एवढी साधी गोष्ट नव्याच्या कौतुकांत विसरली जाते.

जुन्या खलाशांनीं ती विसरली नव्हती. पाण्याची खोली मोजण्यासाठीं ते शिशाचा ओळंबा सोडीत, आणि त्याच्या तळच्या खळग्यांत चरबी भरून ठेवीत. ओळंबा वर येई तेव्हां चरबीला वाळू, चिखल, शिंपल्यांचे तुकडे किंवा शेवाळाचे धागे चिकटून येत; कांहींच चिकटलें नाहीं तर खालीं खडक आहे असें समजावें. समुद्राच्या नकाशांतून खोलीच्या आंकड्यांशेजारीं तळाचा प्रकार लिहिण्याची चाल अशा पाहणीवरच वाढली. नांगर कोणता, याआधीं तळ कोणता, हें विचारण्याची ती शिस्त होती. आजचा जाणता नाविकहि गवताच्या काळसर पट्ट्यांमधील वाळूचा उजळ ठिपका शोधून नेमका तेथें नांगर सोडतो, नौका सावकाश मागें घेऊन पकड अजमावतो, आणि किनाऱ्यावरील दोन खुणा एका रेषेंत धरून नौका सरकत नाहीं ना, हें पाहत राहतो.

अलीकडच्या काळांत या प्रश्नाला दुसरी बाजूहि दिसूं लागली आहे. शेवाळ नांगराचें काय करतें, इतकेंच आजवर विचारलें जात होतें. नांगर समुद्रगवताचें काय करतो, हा प्रश्न आतां पुढें आला. माशांच्या पिलांना आसरा देणारें, वाळू धरून ठेवणारें हें गवत नांगराच्या एका ओढीनें वावभर उपटलें जातें. भूमध्य समुद्रांतील पोसिडोनिया जातीचें गवत इतकें सावकाश पसरतें कीं, अशी एक जखम भरून येण्यास अनेक वर्षें लागतात. म्हणून स्पेनच्या बॅलिॲरिक बेटांच्या सरकारनें २०१८ सालीं फर्मान काढून त्या गवतावर नांगर टाकण्यास मनाई केली. आपल्याकडे मालवणच्या समुद्राचा सुमारें २९ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. प्रवाळ आणि शेवाळ यांनी समृद्ध अशा त्या तळावर कोळ्यांच्या होड्या चालतात आणि प्रवाशांच्या होड्याहि. तेथील नांगरांचा प्रश्न म्हणूनच केवळ होडीच्या सुरक्षिततेचा नाहीं. ज्या तळावर होडी विसंबते, त्याच तळावर कोळ्याची मासळी वाढते.

यावर जो उपाय भूमध्य समुद्रांत योजला जातो, तो पाहण्यासारखा आहे. तळांत एक लोखंडी मळसूत्र कायमचें फिरवून बसवितात, त्याला तरंगता पिंप बांधतात, आणि येणाऱ्या नौका त्याला दोर लावून थांबतात. नांगर टाकण्याचें कारणच उरत नाहीं. हें मळसूत्र नवें नाहीं. बेलफास्टचा दृष्टिहीन एंजिनियर अलेक्झांडर मिचेल यानें १८३३ सालींच त्याचें पेटंट घेतलें होतें. त्याच्या मळसूत्री खांबांवर पुढें दीपगृहें उभीं राहिलीं. मुंबई-बडोदा रेल्वेच्या पुलांच्या बांधणींतहि तेच खांब वापरले गेले. अरुंद टोंक, थोडी जागा, आणि गवताखालच्या घट्ट भूमीपर्यंत सरळ पोंच, एवढेंच त्याचें रहस्य.

दगड, आंकडा, सांखळी, फाळ, पातें असा मोठा फेरा करून नांगराचा इतिहास अशा रीतीनें एका खुंट्यापाशीं येऊन थांबतो. गडचिरोलीच्या तलावांत गवतामधून खालीं उतरविलेला ढिवराचा बांबू आणि भूमध्य समुद्राच्या तळांत फिरविलेलें लोखंडी मळसूत्र यांत कारागिरीचें अंतर मोठें आहे. पण दोहोंच्या मुळाशीं असलेली समजूत एकच आहे. तळ ओळखावा, त्याला साजेल असें साधन घ्यावें, आणि त्याची नासधूस न करतां त्याचा आधार घ्यावा.